वगळीवरचं घर

सोलापुरात घर किंवा प्लॉट घेणारा माणूस सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारतो, ‘पाण्याचा काही त्रास?’ या प्रश्नाचा इथे एकच अर्थ होतो. नळाला किती दिवसांआड येतं, बोअरला लागतं का, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का. पाणी आपण होऊन घरात येईल का, असं कुणी विचारलं तर लोक त्याला आधी सावलीत बसवतील आणि मग त्याच्या घरच्यांना फोन करतील.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मीही तोच प्रश्न विचारला. शहराच्या हद्दीला लागून ज्वारीच्या रानात नवे प्लॉट पाडले होते. दाखवायला आलेल्या एजंटच्या पायात पांढरे बूट होते. ‘पाण्याचा त्रास?’ तो हसला. ‘सर, गावात लोक पार पाताळापर्यंत बोअर मारतात आणि वर नुसता धुरळा येतो. इथं जरा उकरलं तरी पाणी.’ हे त्यानं खरं सांगितलं होतं. आजवर मला त्याच्यावर खोटं बोलल्याचा आरोप करता आलेला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

बायको बरोबर होती. तिचं माहेर मंगळवेढ्याकडचं, मेंढरं राखणारं. माझे आजोबाही त्याच भागातले, पण ते गिरणीत कामाला आले आणि मी शहरात वाढलो, शिकलो, आणि तीस वर्षं छापखान्यांतून मुद्रितशोधकाचं काम केलं. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. ही सवय कामाच्या वेळेपुरती राहत नाही. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, एसटीतल्या सूचना, श्रद्धांजलीचे फलक, मी सगळं दुरुस्त करत आलो. बायकोचं बोलणंही. लग्नानंतरच्या दोन-तीन वर्षांत मी तिच्या ‘हाय’चं ‘आहे’ केलं आणि ‘न्हाय’चं ‘नाही’. आता ती पाहुण्यांसमोर इतकं शुद्ध बोलते की बातम्या ऐकल्यासारखं वाटतं. घरात मात्र, चिडली किंवा खुशीत आली, की मूळ प्रत बाहेर येते.

एजंटनं स्कूटरच्या सीटवर नकाशा पसरला. कुठल्याशा जुन्या मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स होती. त्यावर नव्या प्लॉटांचे चौकोन काढले होते. आमच्या चौकोनाच्या मागच्या कडेनं, शेजारच्या तीन चौकोनांवरून तिरका जाणारा एक शब्द होता. जुन्या मोजणीदाराचं अक्षर फार सुरेख. शब्द होता ‘वगळ’. त्याच्या दोन्ही अंगांना दोन बारीक वाकड्या रेघा होत्या. रेघांकडे मी पाहिलं नाही. मी शब्द वाचणारा माणूस.

‘हे काय लिहिलंय कुणालाच कळंना झालंय, सर,’ एजंट म्हणाला.

इथे मला थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. प्रुफात एखादा मजकूर काढायचा असला की तो खोडून समासात ‘वगळा’ लिहितात. काढलेला मजकूर पुन्हा ठेवायचा असला, तर त्याच्या खाली टिंबं देतात आणि समासात ‘असू द्या’ लिहितात. आयुष्यात मी ‘वगळा’ किती हजार वेळा लिहिलं असेल ते मला सांगता येणार नाही. ‘असू द्या’ बोटांवर मोजता येईल इतकं. तेव्हा तो शब्द वाचायला मला काही वेळ लागला नाही.

‘हा भाग वगळलाय,’ मी म्हणालो. ‘आरक्षणातून म्हणा, रस्त्यातून म्हणा. मोजणीदारानं सूचना लिहिलीय. घाईत काना राहिला.’ आणि मला दाखवायला दिलेल्या झेरॉक्सवर, खिशातली पेन्सिल काढून, मी काना दिला. वगळा.

एजंटला इतका आनंद झाला की त्यानं मला तो कागद भेटच दिला. पुढे त्यानं शेजारचे तिन्ही प्लॉट महिनाभरात विकले. प्रत्येकाला तो सांगत होता, ‘जाणकाराकडून वाचून घेतलंय. ही लाइन आरक्षणातून वगळलेली आहे.’

एवढं सगळं होईपर्यंत बायको प्लॉटच्या मागच्या टोकाला उभी होती. तिथे गुडघाभर लव्हाळा माजला होता. एप्रिल महिना, सगळीकडे रान भाजून निघालेलं, आणि तेवढ्या पट्ट्यात हिरवं. तिनं चपलेनं माती उकरली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, ‘हितं माती वली हाय की.’

‘ओली आहे,’ मी म्हणालो.

वास्तुशांतीला सासरे आले. हयात मेंढरांमागे गेलेली, त्यामुळे घराचं कौतुक करायच्या आधी ते घराभोवती एक चक्कर मारून आले. फरशी, रंग, ग्रॅनाइटचा ओटा यांतलं काही त्यांनी पाहिलं नाही. मागच्या भिंतीशी उभे राहून ते खालच्या अंगाला, मुख्य रस्त्याच्या बाजूला बराच वेळ बघत राहिले. तो रस्ता नुकताच उंच केला होता आणि त्याच्याखाली एक सिमेंटचा पाईप टाकला होता.

‘पाहुणं, ह्यो पाईप बारका हाय,’ ते म्हणाले.

‘मामा, त्यातून जायला आहेच काय?’ मी विचारलं.

‘व्हय, आता काय न्हाय,’ ते म्हणाले. मग जेवायला बसताना एवढंच बोलले, ‘जोतं आजून दोन हात वर घ्यायचं हुतं.’ जोतं म्हणजे घराचा पाया जमिनीवर जेवढा उचलतात तो. आमचं जोतं गवंड्यानं तीन पायऱ्यांचं केलं होतं आणि मला तेच जास्त वाटत होतं. सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास असून ते जास्त पायऱ्या का मागतात ते मला कळलं नाही. मी ते त्यांच्या वयावर घातलं. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले.

पुढची बारा वर्षं आम्ही सुखात काढली. बोअर कधी आटला नाही. उन्हाळ्यात शहरातले नातेवाईक कपडे धुवायचं बोचकं घेऊन यायचे आणि जाताना कॅन भरून न्यायचे. मी त्यांना पेरूच्या झाडाखाली खुर्च्या टाकून जागा कशी पारखून घ्यावी यावर बोलायचो. नकाशाची गोष्टही सांगायचो. मला आता ती भाषणं आठवली की उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

मग तो सप्टेंबर आला. पाऊस दोन दिवस पडत होता, पण आमच्याकडे पडत होता त्यापेक्षा वर, शहराच्या चढाकडच्या बाजूला, जास्त पडत होता. दुपारी जेवून मी एक प्रूफ घेऊन बसलो होतो. निवृत्तीनंतर थोडं काम घरी येतं. बायको न्हाणीतून ओरडली, ‘अहो, जाळीतनं पाणी वर याया लागलंय!’

मी जाऊन पाहिलं. न्हाणीच्या जाळीतून पाणी खाली जातं, हे मला माहीत होतं. ते वर येत होतं. गढूळ, शांत, काहीही घाई नसलेलं. आम्ही जाळीवर पाट ठेवला. पाटावर मी उभा राहिलो. मग पाणी संडासातून आलं, मग मागच्या दाराच्या फटीतून, आणि मी अजून पाटावरच उभा होतो. पुढच्या दारानं पाणी सगळ्यात शेवटी आलं, जवळच्या नातेवाइकांसारखं.

अर्ध्या तासात घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं. गव्हाची कोठी आडवी झाली. फ्रीज आधी थोडा हलला आणि मग बसल्या जागी तरंगू लागला. बायकोनं गॅसची टाकी बंद केली, विजेचं मुख्य बटण काठीनं पाडलं, कागदपत्रांची पिशवी आणि औषधांचा डबा घेतला आणि मला दंडाला धरून जिन्याकडे ओढलं. मी प्रूफ घेतलं होतं. गच्चीवर गेल्यावर ती माझ्या हातातल्या त्या कागदांकडे बघत राहिली. मग तिनं औषधांचा डबा पोटाशी धरला आणि पाणी उतरेपर्यंत तो खाली ठेवला नाही.

वरून पाहिल्यावर पहिल्यांदा मला ते दिसलं. चारही घरांच्या मागून एक सरळ प्रवाह चालला होता, मधे घरं नसल्यासारखा, जुन्या ओळखीच्या वाटेनं. खाली तो रस्त्याला जाऊन थांबत होता. पाईप बारका होता.

शेजारच्या गच्चीवर शेजारी होते. त्यांचा टेम्पो आहे, मार्केट यार्डातला माल वाहतात. घरात उर्दू, माझ्याशी मराठी, आणि संकटात दोन्ही. ‘साहेब,’ ते ओरडले, ‘सोलापूर में पूर! कोणाला सांगितलं तर झूठ वाटेल की!’ त्यांचा टेम्पो फाटकाशी चाकं बुडेपर्यंत पाण्यात होता, आणि तरी ते आमच्यासाठी त्या गच्चीवरून बिस्किटांचा पुडा फेकत होते.

त्या दिवशी आमच्या भागाची नळाची पाळी होती. नळाला पाणी आलं नाही.

संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. चिखल काढायला आठवडा गेला. भिंतीवर एक तपकिरी रेघ राहिली, ती दोनदा रंग देऊनही परत येते. पण खरं नुकसान ते नव्हतं. बायको बदलली. आभाळ जरा काळं झालं की ती गादी उचलून कपाटावर ठेवायची. न्हाणीच्या जाळीवर तिनं वाळूनं भरलेली पिशवी ठेवली, आणि आंघोळीपुरती ती काढली की पुन्हा ठेवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. दुष्काळी भागातली बाई ही. लहानपणी पावसाची वाट बघत वाढलेली. आता हवामानाची बातमी लागली की हातातलं काम टाकून उभी राहायची.

‘मला हितं ऱ्हायचं न्हाय,’ ती एके दिवशी म्हणाली. ‘पुढचा पावसाळा मी हितं काढायची न्हाय. कुटंबी चला, वर कुटंतरी. दोन खोल्या असल्या तरी चालंल.’

तीस-बत्तीस वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेलं हे पहिलं मोठं काही. मी हो म्हणालो. दुसरं घर घ्यायचं तर हे विकल्याशिवाय जमणार नव्हतं, म्हणून घर विकायचं ठरलं. एवढंच ठरलं होतं, आणि ते पावसाळ्याच्या आत व्हायला हवं होतं.

पण मला आधी स्वतःची खात्री करायची होती. एवढ्या वर्षांची ती भाषणं होती. नकाशा घेऊन मी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत गेलो. तिथे एक तरुण इंजिनिअर होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं मला भिंतीवरचा नदीचा नकाशा दाखवला. नदीच्या दोन्ही काठांनी एक निळी रेषा आणि तिच्याही बाहेरून एक लाल. निळ्याच्या आत घर बांधायचंच नाही, कारण तिथे पाणी पुन्हा पुन्हा येतं. निळ्या आणि लाल यांच्या मधे बांधायचं तर अटी पाळून, जोतं उंच घेऊन, कारण तिथेही येतं, फक्त क्वचित.

‘क्वचित म्हणजे?’

‘लाल रेषेला शंभर वर्षांतला पूर म्हणतात.’

‘शंभर वर्षांतून एकदा. म्हणजे आमचा होऊन गेला.’

‘तसं नसतं काका,’ ती म्हणाली. हे ती बहुधा रोज कुणाला तरी सांगत असावी. ‘दरवर्षी शंभरात एक चिठ्ठी त्याची. यंदा निघाली म्हणून ती चिठ्ठी डब्यातून काढून टाकत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा डब्यात.’

मी विचारलं, आमचं घर कुठल्या रेषेत येतं. तिनं बराच वेळ शोधलं. ‘कुठल्याच नाही. या रेषा नदीच्या आहेत. तुमच्या तिथं रेषा आखलेली नाही.’

‘म्हणजे धोका नाही.’

‘म्हणजे कुणी मोजलेलं नाही,’ ती म्हणाली. मग आवाज जरा खाली घेऊन तिनं सांगितलं की रेषा नसेल तिथे आपणच बघायचं असतं. जमीन कुठे उतरते, रस्त्याखालची मोरी कुठे आहे, उन्हाळ्यात हिरवं कुठे राहतं, आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारायचं. मला सासऱ्यांची ती चक्कर आठवली. फुकटची होती ती, आणि आमच्याच दारात.

मी तिला माझी झेरॉक्स दाखवली. तिनं वाचलं आणि म्हणाली, ‘वगळा. म्हणजे काहीतरी वगळलंय ना?’ शिकलेली मुलगी. माझं बरोबर होतं याचा मला त्या क्षणी आनंद झाला, हे मला इथे लिहावं लागतंय.

घरी आलो आणि तो कागद टेबलावर टाकून हातपाय धुवायला गेलो. परत आलो तर बायको चष्मा लावून त्यावर वाकली होती.

‘ह्यो काना कुणी दिला?’ तिनं विचारलं.

‘मी. राहिला होता.’

‘राह्यला न्हवता. वगळ हाय ते.’

‘तेच ना. वगळा.’

‘वगळ, वगळ,’ ती म्हणाली, बहिऱ्याशी बोलावं तशी. ‘वगळ म्हंजी वढा. बारका वढा. पावसात वाहतो न् उन्हाळ्यात कोरडा पडतो, तो. आमच्यात समदी वगळच म्हंत्यात. बघा की, दोन्हीकडनं रेगा हायत. वगळ वाहतीय हितनं.’ आणि तिनं बोट त्या दोन वाकड्या रेघांमधून खाली नेलं, आमच्या न्हाणीवरून, पेरूवरून, शेजारच्यांच्या टेम्पोवरून, थेट त्या पाईपापर्यंत.

मी खाली बसलो. ‘तुला माहीत होतं?’

‘शब्द माहीत हुता. नकाशा कुटं दावला तुमी?’

खरं होतं. नकाशा मी एजंटला समजावला होता, नातेवाइकांना समजावला होता. तिला दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांकडे गेलो. सांगणं भाग होतं, कारण त्यांचा प्लॉट माझ्या वाचनावर विकला गेला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काना आणि सगळं. ते टेम्पोच्या इंजिनातला चिखल काढत होते. त्यांनी फडक्यानं हात पुसले. ‘साहेब, त्या कागदावर काय होतं ते मला तर वाचताच आलं नसतं,’ ते म्हणाले. ‘तुम्ही निदान वाचलं.’ यात टोमणा होता की दिलासा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला लाज वाटली, एवढं मात्र नक्की. चहा घेतल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

घराची जाहिरात मीच लिहिली. ‘स्वतंत्र घर, तीन खोल्या, पेरूचं झाड, पाणी मुबलक.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी चार वेळा तपासलं.

दोन-तीन गिऱ्हाइकं आली आणि गेली. फेब्रुवारीत एक जोडपं आलं. तो शाळेत शिक्षक, ती बँकेत. दोघांनाही घर आवडलं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. बायकोनं चहा केला आणि आपल्या शुद्ध मराठीत म्हणाली, ‘बसा ना. साखर कमी आहे का?’ ते मागची खोली बघून आले. न्हाणीला लागून असलेली, सगळ्यात थंड खोली.

‘ही आईला होईल,’ तो आपल्या बायकोला म्हणाला. मग आम्हाला सांगितलं, ‘आईचे पाय गेलेत काका. चाकाच्या खुर्चीवर असते. आता राहतो तिथं दुसरा मजला, दोन वर्षं ती खाली उतरली नाही. म्हणून तळमजलाच हवाय. पुढं एक उतार करून घेऊ, म्हणजे ती दारापर्यंत येईल.’

सगळं जमत आलं होतं. ती दोघं उठली. दारात चपला घालताना त्यानं, सगळे विचारतात तसं, सहज विचारलं, ‘काका, पाण्याचा काही त्रास?’

मला उत्तर पाठ होतं. पाण्याचा? अजिबात नाही. बोअर बारा महिने चालतो. यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि मी बायकोकडे पाहिलं, कारण तिची पुढच्या पावसाळ्यातली झोप या एका वाक्यावर होती. तिच्यासाठीच मी ते बोलणार होतो, असं मी मनाशी म्हणत होतो. मी तोंड उघडलं.

‘हाय की,’ बायको म्हणाली. ‘लई त्रास हाय.’

पाहुण्यांसमोर ‘हाय’. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

‘हितं मागनं वगळ वाहती,’ ती म्हणाली. ‘गेल्या पावसाळ्यात घरात पाणी शिरलं. हे बघा, हितवर.’ तिनं भिंतीवरच्या रेघेवर हात ठेवला. ‘न्हाणीच्या जाळीतनं येतंय. आमाला पायानं गच्चीवर पळता आलं. तुमच्या आईला त्या खुर्चीतनं कोण न्हेणार वर? शाळा, बँक, दोघं दिवसभर भाईर.’

दोघंही तिथेच उभी राहिली. ‘वगळ म्हणजे?’ त्या मुलीनं विचारलं.

‘वढा,’ बायको म्हणाली, आणि मग माझ्याकडे न बघता, ‘ओढा.’

त्यांनी तिचे आभार मानले. तो मुलगा वाकून तिच्या पाया पडला, तेही एका पायात चप्पल असताना. गाडी वळेपर्यंत ती फाटकाशी उभी होती. मग आत येऊन कप विसळायला लागली.

‘तुलाच जायचं होतं ना इथून?’ मी विचारलं.

‘व्हय. जायचं हुतं.’ नळ बंद करून ती म्हणाली, ‘पर त्या म्हातारीला हितं ठिवून न्हाय.’

मी तिथेच दारात उभा होतो. मला एक गोष्ट कळत नव्हती, आणि ती विचारल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. इतकी वर्षं एका घरात राहून, इतकं बोलून, हा शब्द मी तिच्या तोंडून एकदाही ऐकला कसा नाही? मी शब्द विसरत नाही. ‘तू कधी म्हणालीच नाहीस,’ मी म्हणालो.

‘म्हणलं हुतं की.’

‘कधी?’

‘नवं लगीन झालं हुतं. तुमचं छापखान्यातलं मैतर जेवाया आलं हुतं. माझ्या तोंडातनं निघालं, आमी वगळीला कापडं धुवाया जायचो. तुमी म्हणला, वगळ न्हाय, ओढा म्हण. समद्यांम्होरं दहा डाव म्हणाया लावलं. ओढा, ओढा, ओढा. समदी हसली.’ तिनं कप उपडा घातला. ‘तवापास्नं सोडला मी त्यो शब्द.’

मला काहीच आठवत नव्हतं. ना ते जेवण, ना ते मित्र, ना तो शब्द. मी इतकं दुरुस्त केलंय की एकेक कुठे लक्षात राहणार. तिला मात्र किती वेळा ते माहीत होतं. दहा. त्या जेवणाच्या दिवशी मी तो शब्द तिच्या तोंडून काढला नसता, तर लव्हाळ्यात उभी राहून ती त्या एप्रिलमध्ये काय म्हणाली असती, ते मला आता रोज ऐकू येतं. हितं वगळ हाय की.

घर अजून विकलेलं नाही. जाहिरातीत मी ‘मागे वगळ’ असं घातलं, तेव्हापासून फोन येत नाहीत. गच्चीवर पत्र्याची एक खोली बांधून घेतली आहे. पत्रा उन्हाळ्यात तापतो, पण आभाळ काळं झालं की आम्ही दोघं वर जातो, औषधांचा डबा आणि कागदपत्रांची पिशवी आधीच वर असते, आणि तिथे तिला झोप लागते. शेजाऱ्यांनी टेम्पो आता चढावर लावायला सुरुवात केली आहे. रस्त्याखालचा पाईप मोठा करावा म्हणून चौघांनी मिळून अर्ज दिला आहे. अर्ज मी लिहिला आणि बायकोला वाचून दाखवला.

त्या जोडप्याच्या भेटीनंतर, त्याच दुपारी, मी ती झेरॉक्स टेबलावर घेतली. काना पेन्सिलीचा होता, त्यामुळे रबरानं निघाला. कागद थोडा खरबरीत झाला, एवढंच. मग मी शब्दाच्या खाली टिंबं दिली, एकेक अक्षराखाली एकेक, आणि समासात लिहिलं, असू द्या.

बायकोनं येऊन पाहिलं. ‘आता काय दुरुस्त करताय?’ तिनं विचारलं.

‘माझं,’ मी म्हणालो.